रिसेटलमेंट कोर्स की ठाण्याचा वर्ग?

आमच्या घणसोलीच्या सोसायटीतले दोघं पुढच्या वर्षी पेन्शनवर येतायत. एक नेव्हीतला, उरणजवळ कारंजाला आहे. दुसरा माझ्यासारखाच इएमईचा, म्हणजे लष्कराची यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरचा. दोघांनाही पुन्हा नोकरी नकोय, धंदा करायचाय. आणि दोघांनी वेगवेगळ्या दिवशी लिफ्टपाशी गाठून तोच प्रश्न विचारला: सर्व्हिसमध्ये असतानाच डीजीआर, म्हणजे निवृत्त होणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनाचं बघणाऱ्या सरकारी खात्यामार्फत उद्योजकतेचा रिसेटलमेंट कोर्स उरकून घ्यावा, की बाहेर पडल्यावर ठाण्यात महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या, म्हणजे एमसीईडीच्या वर्गाला बसावं? मी दोन्ही केलेत. लिफ्ट येईपर्यंत जे सांगून झालं नाही ते इथं लिहितो.

मी 24 वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडलो तेव्हा 43 वर्षांचा होतो. आता रबाळे एमआयडीसीत हायड्रॉलिक होज, म्हणजे मशीनमधले दाबाच्या तेलाचे पाइप, बनवून देतो. जेसीबी, पोकलेन, फोर्कलिफ्ट, ज्याचा होज फुटला तो येतो. हे आधीच सांगतोय, कारण माझं मत या गाळ्यात बसून बनलंय. सिक्युरिटी एजन्सी किंवा पेट्रोल पंपाच्या मागे असलेल्याला ते पटणार नाही, आणि त्याचंही चूक नसेल.

रिसेटलमेंट कोर्सच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. जवानापासून जेसीओपर्यंत (सुभेदार वगैरे) फी शून्य. साहेब लोकांना, म्हणजे ऑफिसरांना, 40 टक्के खिशातून भरावे लागतात, पण त्यांचे कोर्स आयआयएमसारख्या ठिकाणीही होतात, त्यांची गोष्ट निराळी. आपला पगार चालू, क्वार्टर चालू, पोरांची शाळा चालू. घरी कुणी 'मग आता पुढे काय' असं तोंडाकडे बघत नाही. सकाळी पीटीऐवजी वही घेऊन बसायचं, याचीही सवय व्हायला लागते. माझं पहिले आठ दिवस शिकवणारे आत आले की सगळ्यांच्या आधी उभं राहणं चालू होतं. शिकवणारे वाईट नव्हते. ब्रेक-इव्हन, जीएसटी, मार्केटिंग, सगळं झालं. तुकडीतली माणसं तर आजही कामाला येतात. एक जण चाकणला वर्कशॉप टाकून आहे, त्याच्याकडून मला महिन्याला दोन-चार कामं मिळतात.

मला खटकली ती एकच गोष्ट, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. प्रोजेक्ट रिपोर्ट.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने एक रिपोर्ट द्यायचा होता. संस्थेने (नाव घेत नाही, महाराष्ट्राबाहेरची आहे) नमुना म्हणून छापील प्रत वाटली: कागदी द्रोण-पत्रावळीचा कारखाना. नाव, गाव, जिल्हा यांच्या जागा मोकळ्या, बाकी आकडे तयार. कुणीतरी विचारलं, आम्ही आमचा आमचा धंदा लिहायचा ना? उत्तर आलं, लिहा की, पण परवा जमा करायचाय. फौजी माणसाला जमा करायची तारीख सांगितली की विषय संपतो. 40 जणांनी निळ्या पेनाने नाव-गाव भरलं आणि 40 च्या 40 रिपोर्ट वेळेत जमा झाले. एकही गैरहजर नाही. पत्रावळीच्या 40 कारखान्यांपैकी एक घणसोलीत होता.

सर्टिफिकेट मिळालं, डिस्चार्ज झाला, आणि मी तोच रिपोर्ट थोडा बदलून बँकेत नेला. पत्रावळीच्या जागी होज टाइप करून घेतलं होतं, मशीनची किंमत बदलली होती, जागेचं भाडं मात्र तसंच राहिलं. कर्ज बघणाऱ्या बाईंनी दोन पानं उलटली आणि शांतपणे म्हणाल्या, "रबाळ्यात या भाड्यात तीन हजार फुटाची शेड मिळाली असेल तर पत्ता मलाही द्या." मी फाइल उचलून बाहेर आलो. रागवायला तोंडही नव्हतं.

मग ठाण्याचा वर्ग. एमसीईडी ही 1988 पासूनची सरकारी संस्था, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, आणि जिल्ह्याजिल्ह्यात तिचं काम जिल्हा उद्योग केंद्राच्या हातात हात घालून चालतं. आमचा वर्ग 18 दिवसांचा होता. थोडी फी भरली, घणसोलीहून ट्रान्सहार्बरने ये-जा. खोलीत फौजी मी एकटा. बाकी कळव्यात पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई, दिव्याचा आयटीआय झालेला पोरगा, वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडल्याने घरी बसलेले एक गृहस्थ. सुरुवातीला वाटलं, इथं आपलं काय काम?

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी माझा जुना रिपोर्ट मागून घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. स्वतःचा वाटा 10 टक्के, सबसिडी 25 टक्के. हे गावाकडच्या सर्वसाधारण अर्जदाराचे आकडे आहेत, म्हणाले. पीएमईजीपीत, म्हणजे केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या कर्ज-सबसिडी योजनेत, माजी सैनिक विशेष प्रवर्गात धरला जातो: स्वतःचा वाटा 5 टक्के, सबसिडी शहरात 25, ग्रामीण भागात 35. म्हणजे 20 लाखांच्या प्रकल्पात मी खिशातून घालायची रक्कम 2 लाख नाही, 1 लाख. सगळी खोली फौजींनी भरलेली असताना फौजीचा आकडा मला कुणी सांगितला नव्हता, तो सांगितला पोळी-भाजीवाल्या ताईंच्या शेजारी बसल्यावर. सबसिडी हातात पडत नाही, 3 वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळती होते, हेही तिथंच कळलं. तोवर मी त्या पैशातून टेम्पो घ्यायचं मनात धरलं होतं.

पण खरी मेख पुढे होती. सरांनी तीन दिवस वर्ग बंद ठेवला आणि सांगितलं, ज्यांना विकणार अशा 10 जणांशी बोलून या. मी पावणे, महापे करत उलव्याकडच्या एका साइटवर पोचलो. सुपरवायझर पोकलेनच्या सावलीत डबा खात होता. मी ताठ उभा राहून नाव, सर्व्हिस, इएमईतला अनुभव असं सगळं सांगितलं. त्याने घास गिळला आणि म्हणाला, "मेजर, ते सगळं ठीक. अर्धा इंची, दोन वायरचा, दीड मीटर, दोन्हीकडे फिटिंग. भाव बोला."

मला भाव सांगता येईना. 24 वर्षं होज इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, आला होता, स्टोअरमधून सही करून घेतला होता. असे शेकड्यांनी बसवले असतील, पण त्याची किंमत तोंडाने सांगायची वेळ कधी आली नव्हती. उद्या सांगतो म्हणालो. तो म्हणाला, "उद्यापर्यंत मशीन चालू झालेलं असेल."

चौथ्या दिवशी वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. होज मीटरवर, दोन फेरूल (होजच्या टोकावरच्या कड्या), दोन फिटिंग, मजुरी, त्या दाबून बसवणाऱ्या क्रिम्पिंग मशीनच्या हप्त्याचा वाटा, वीज. आकडा बरोबर वाटत होता. मागून ताईंचा आवाज आला, "भाऊ, साइटवर जायच्या पेट्रोलचं कुठं धरलंय?" धरलंच नव्हतं. आज माझी निम्मी कामं साइटवर जाऊन असतात, आणि पेट्रोल न धरता भाव लावला असता तर पहिल्या सहा महिन्यांत गाळा बंद झाला असता, असं मला वाटतं.

ठाण्याच्या वर्गात उणं नाही असं नाही. पगार थांबलेला असतो, कम्युटेशनचे, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी मिळालेले पैसे रोज डोळ्यांसमोर कमी होताना दिसतात. मशीनवरचं काम तिथं शिकवत नाहीत, ते हातात आधीच असावं लागतं. आपल्या बोलीतले विनोद कुणाला कळत नाहीत. पुढची बॅच कधी आहे हे स्वतः विचारून नाव घालून ठेवावं लागतं, मूव्हमेंट ऑर्डर घरी येत नाही.

तरी एका बाबतीत रिसेटलमेंट कोर्सचा इलाज चालत नाही, मग शिकवणारी संस्था कितीही चांगली असो. वर्दीत असताना स्वतःच्या नावाने धंदा करता येत नाही. करंट अकाउंट नाही, गिऱ्हाईक नाही, उधारी नाही. शिकलेलं सगळं डिस्चार्जपर्यंत वहीत राहतं. ठाण्यात मी दुपारी उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीबद्दल, ऐकलं आणि संध्याकाळी लोकलमध्ये बसून मोबाइलवर ती करून टाकली, फुकट.

वाशीतल्या हॉटेलांत शनिवार-रविवारी होणारी महागडी शिबिरंही कुणीतरी सुचवेल. मी एकाला गेलो होतो, जेवण चांगलं होतं. आणि नोकरीच हवी असेल तर हा सगळा खटाटोप कशाला, मेस्कोकडे, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाकडे, नाव नोंदवा.

नेव्हीवाल्याला मी म्हटलं, डीजीआरची संधी सोडू नकोस, पण तिथं उद्योजकतेचा नाही, हुनराचा कोर्स घे. रेफ्रिजरेशन, वेल्डिंग, जे हाताला बसेल ते. धंदा बाहेर आल्यावर एमसीईडीच्या वर्गात शीक. त्याने उलव्यात फ्लॅट घेतलाय आणि गाळाही तिथंच बघतोय, म्हणजे त्याचा जिल्हा रायगड आणि त्याचं जिल्हा उद्योग केंद्र अलिबागला. खारघर, कामोठे, कळंबोलीवाल्यांचंही तेच. नवी मुंबई म्हणून सगळे ठाण्याला जाऊन उभे राहतात आणि परत येतात. गाळा ऐरोली ते बेलापूर पट्ट्यात असेल तर ठाणे. मी अर्ज केला तेव्हा राज्याच्या तशाच योजनेत, सीएमईजीपीत, 45 ची वयोमर्यादा होती, माजी सैनिकाला 5 वर्षं सूट धरून 50. पीएमईजीपीत वरची मर्यादा नाही. तो 39 चा आहे, त्याला दोन्ही दारं उघडी असावीत.

इएमईवाला जास्त घाईत आहे. त्याचा कोर्स ठरलाय, त्याच संस्थेत. परवा गाळ्यावर आला आणि विचारलं, तो पत्रावळीचा रिपोर्ट अजून असेल तर द्या, नमुना म्हणून उपयोगी पडेल. रिपोर्ट आहे, पण त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर गिऱ्हाइकांच्या होजची मापं लिहिलेली आहेत, त्यामुळे देता आला नाही.