डाँगल मस्त, पण एरर आली की ड्रायव्हर काखा वर करतो

दोन महिने हा यूएसबी वायफाय डाँगल रोज वापरतोय. हार्डवेअरला नावं ठेवायला जागाच नाही, रेंज चांगली, स्पीड टिकतो, तासन् तास चालला तरी तापत नाही. पण लिनक्सवर चालवायचा तर कंपनीने दिलेला सोर्स स्वतः कंपाइल करून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ड्रायव्हरचं मॉड्युल टाकावं लागतं, आणि माझी सगळी तक्रार त्या ड्रायव्हरबद्दल आहे.

झालं असं, नवीन मशीनवर फर्मवेअरची, म्हणजे डाँगलच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल कॉपी करायची राहून गेली. डाँगल लावला तर कर्नल लॉगमध्ये प्रोब, म्हणजे ड्रायव्हरने डाँगल ताब्यात घेऊन सुरू करायची पायरी, फेल, एरर -१. आता कर्नलमध्ये -१ म्हणजे ईपर्म, परवानगी नाही, म्हणून मी अर्धा दिवस रूट, सिक्युअर बूट, यूडेव्हचे रूल असं सगळं तपासत बसलो. शेवटी सोर्स उघडला. फर्मवेअर मागणारं फंक्शन बरोबर -२ देत होतं, म्हणजे फाइलच नाही, आणि ड्रायव्हरने पुढच्याच ओळीत तो नंबर टाकून देऊन सरळ रिटर्न -१ केलेलं. अहो आलेला एरर कोड तसाच वर पाठवा ना, त्यात कष्ट काय आहेत?

आणि खरा घोळ तर पुढेच आहे. फर्मवेअर मागायच्या आधीच नेटवर्क इंटरफेस, म्हणजे सिस्टिमला दिसणारं नेटवर्क कार्ड, रजिस्टर करून टाकलाय, आणि फेल झाल्यावर तो काढतच नाही. म्हणजे प्रोब फेल, पण इंटरफेस यादीत दिसतोच. मला वाटलं चालत असेल, कमांड देऊन अप, म्हणजे सुरू, केला, तर आत बफरच (डेटा ठेवायची मेमरी) घेतलेले नव्हते, नल पॉइंटर, म्हणजे रिकामा पत्ता, वापरला गेला आणि ऊप्स, म्हणजे कर्नलच्या आतच क्रॅश. ती कमांड मेली ती नेटवर्कचं मुख्य लॉक हातात धरूनच, त्यामुळे त्यानंतरची नेटवर्कची प्रत्येक कमांड अडकून पडली, रीबूटशिवाय इलाज नाही. एक फाइल नाही म्हणून अख्खं मशीन बंद चालू करायचं हे मला अजिबात पटत नाही.

बरं हे टाळायला नवीन काही शोधायचं नव्हतं. गोटू लेबलं, म्हणजे एरर आली की कोडमध्ये थेट उडी मारायच्या खुणा, लावून जे ज्या क्रमाने घेतलं ते त्याच्या उलट क्रमाने सोडत जायचं ही कर्नलमधली जुनी पद्धत आहे, आणि २००७ पासून, २.६.२१ मध्ये, डेव्हरेस नावाची सोय आलीय, त्यातून मेमरी घेतली की प्रोब फेल झाल्यावर कर्नल ती आपणहून परत करतो. मी रजिस्टर करणं सगळ्यात शेवटी नेलं, चार लेबलं टाकली, मग तपासायला कर्नलचं फेलस्लॅब चालू केलं, म्हणजे कर्नल मेमरी द्यायला मुद्दाम नकार देतो. आता -१२ येतो, म्हणजे मेमरी नाही, मागे इंटरफेस राहत नाही, आणि डाँगल काढून परत लावला की नीट चालतो. एका संध्याकाळचं काम होतं हे.

हार्डवेअरला पाच, ड्रायव्हरला एक स्टार. घेणार असाल तर आधी फर्मवेअर टाका, मगच डाँगल लावा, आणि लॉगमध्ये -१ दिसला तर तो इंटरफेस अप करू नका.