"दहा मिनिटांत जंतूचं नाव" सांगणाऱ्यापासून सावध राहा

आम्ही आर्वी तालुक्यातले. पोळ्यानंतर आमची संकरित जर्सी व्याली आणि चौथ्याच दिवशी मोटारसायकलवर एक माणूस दारात आला. "काकाजी, दुधाची तपासणी करतो, फुकट हाये." गळ्यात ओळखपत्र, हातात चार वाट्यांचा प्लास्टिकचा ट्रे. चारही सडांची धार त्यानं एकेका वाटीत घेतली, तेवढंच जांभळं औषध ओतलं आणि ट्रे गोल गोल फिरवला. दूध शेंबडासारखं घट्ट झालं. माझ्या पोटात गोळाच आला.

मग त्यानं पिशवीतून छापील रिपोर्ट काढला. त्यावर जंतूचं इंग्रजी नाव! म्हणाला, "लय खतरनाक जंतू हाये, आजच ट्यूबा सोडा, नाही तर कास जाईन." ट्यूबा म्हणजे सडाच्या तोंडातून आत सोडायचं औषध. चार सडांना तीन दिवस, अशा बारा ट्यूबांचे 3,200 रुपये मी मोजले. पहिल्या चार त्यानंच घातल्या. सड ना धुतले, ना पुसले. वर सांगून गेला की दूध उद्यापासून खुशाल वापरा. ते दूध माझ्या नातवानं प्यालं, हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

आठव्या दिवशी मागचा उजवा सड दगडासारखा झाला. दुधात गाठी, गाय हात लावू देईना.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "व्याल्यावर कितव्या दिवशी तपासलं?" तेव्हा उलगडा झाला. ट्रेमधलं ते जांभळं औषध दुधातल्या पेशींमुळे घट्ट होतं. कासेला दाह असला की पेशी वाढतात, पण नुकत्या व्यालेल्या गाईच्या दुधात त्या तशाही जास्त असतात. म्हणून तो माणूस गावात विचारत विचारत व्यालेल्या गाईंच्याच घरी फिरला! तपासणी खरीच असते, तिचा अर्थ त्यानं खोटा लावला. जंतू कोणता, हे तिच्यातून कळतच नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत दुधातले जंतू वाढवावे लागतात, एक-दोन दिवस जातात. मग कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं.

साहेबांनी नमुना माझ्यासमोर घेतला. सड धुऊन कोरडे केले, टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, पहिल्या दोन-तीन धारा फेकल्या, मग निर्जंतुक बाटलीत धार धरली आणि बाटली बर्फात ठेवली. निघाला स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा जंतू दूध काढणाऱ्याच्या हातानं एका गाईतून दुसरीत जातो. दूध उकळलं तर जंतू मरतो, पण त्यानं दुधात सोडलेलं विष उरू शकतं. न पुसलेल्या सडात नळी घातली की बाहेरची घाण सरळ आत जाते, असं साहेब म्हणाले. ट्यूब सोडल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध कुणालाच द्यायचं नसतं, हेही मला तेव्हाच कळलं.

तो सड गेला. गाय आता तीन सडांवर आहे, ती सगळ्यात शेवटी पिळतो.

दारात कुणी ट्रे घेऊन आलं तर पैसे काढण्याआधी 1962 वर फोन लावा, तो पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री नंबर आहे. आणि गाय कधी व्याली, हे अनोळखी माणसाला सांगू नका. आमच्याकडे त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला होता.