बीपीसी-१५७ आणि टीबी-५००: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मूल्यांकन: पाचपैकी एक.

दोन्ही पेप्टाइड्स, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या; दुखापत लवकर भरेल या आशेने जिममधले लोक टोचून घेतात. बीपीसी-१५७ च्या पाच मिलिग्रॅम पावडरच्या व्हायल्स, जोडीला टीबी-५००, एकूण तीन बॅचेस. कारण खांद्याचं जुनं दुखणं. दुखणं कमी झालं, हे खरं. पण त्याच काळात ओव्हरहेड प्रेस (डोक्यावर वजन उचलणं) पूर्ण बंद होता आणि फिजिओने दिलेले रोटेटर कफचे (खांद्याभोवतीच्या स्नायूंचे) व्यायाम रोज चालू होते. त्यामुळे श्रेय पेप्टाइडला देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. 'फरक पडतो का' यापेक्षा 'बाटलीत येतं काय' हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा अनुभव त्याबद्दलच.

पहिली गोष्ट तपासणी अहवालाची. तिन्ही बॅचेससोबत एकच पीडीएफ आली. आलेख तोच, तारीख तीच, आणि अहवालावरचा बॅच नंबर व्हायलवर कुठेही छापलेला नाही. म्हणजे तो अहवाल या व्हायलचा आहे असं मानायला काहीच आधार नाही. आणि समजा असता, तरी '९९ टक्के शुद्ध' याचा अर्थ बहुतेक जण चुकीचा घेतात. ही टक्केवारी एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या मशीनवर काढतात, आणि ते अतिनील प्रकाश शोषणारे घटक मोजतं. पावडरमधलं पाणी, बनवताना पेप्टाइडला चिकटून राहिलेला ट्रायफ्लुरोअॅसिटेटचा क्षार, जंतू, एंडोटॉक्सिन (जंतूंचे विषारी अवशेष), यातलं काहीही त्या टक्केवारीत येत नाही. ९९ टक्के शुद्धतेच्या पावडरमध्ये वजनाने खरं पेप्टाइड ७०-८० टक्केच असू शकतं. निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण वेगळं मोजावं लागतं आणि ते अहवालात क्वचितच दिसतं. रेणू तोच आहे का, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या चाचणीने, कळतं. बीपीसी-१५७ चं रेणूभार सुमारे १४१९.५ यायला हवं. हा आकडाच नसेल तर ९९ टक्के शुद्ध म्हणजे कशाचं, हेच ठरत नाही.

सगळ्यात जास्त काळजी एंडोटॉक्सिनची. ग्रॅम-निगेटिव्ह जंतू मेल्यावर त्यांच्या आवरणाचे तुकडे मागे राहतात, ते हे. रक्तात गेले की तास-दोन तासांत हुडहुडी, ताप, अंगदुखी. जिममध्ये याला 'पेप्टाइड फ्लू' म्हणून सोडून देतात, 'पहिल्यांदा असं होतंच' म्हणतात. ते तसं सोडून देऊ नये. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने जंतू अडतात, एंडोटॉक्सिन आरपार जातं. उकळूनही ते नष्ट होत नाही. काचेची भांडी त्यापासून मुक्त करायला २५० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते, आणि त्या तापमानाला पेप्टाइड टिकणार नाही. म्हणजे घरी काहीही करून हा दोष काढता येत नाही. इंजेक्शनच्या औषधांना शरीराच्या दर किलोमागे तासाला ५ एंडोटॉक्सिन युनिट्स ही मर्यादा असते. 'केवळ संशोधनासाठी' असं लेबल लावलं की ही चाचणी करण्याचं बंधनच उरत नाही. त्या लेबलचा खरा उपयोग तोच.

पावडरची वडी मोठी म्हणजे माल भरपूर, हा समजही काढून टाकावा. वडीचा फुगीरपणा बहुतेक वेळा भर म्हणून घातलेल्या मॅनिटॉलचा असतो. नुसतं पाच मिलिग्रॅम पेप्टाइड काचेच्या तळाशी जेमतेम पातळ थरासारखं दिसतं. व्हायलमध्ये निर्वात असेल तर सुई टोचल्यावर पाणी आपोआप आत ओढलं जातं; तसं झालं नाही तर बूच सैल असण्याची शक्यता असते; पण काही उत्पादक आत नायट्रोजन भरतात, तेव्हा हीही खात्रीची खूण नाही. पाणी घातल्यावर गढूळपणा किंवा तंतू दिसले तर व्हायल बाद. स्वच्छ दिसलं म्हणजे निर्जंतुक, असं मात्र नाही. ०.९ टक्के बेंझिल अल्कोहोल असलेलं पाणी जंतूंची वाढ रोखतं, आधीच घाण असलेली पावडर ते शुद्ध करत नाही.

आता सिरिंज. आपल्याकडे ही चूक सर्रास होते. मेडिकलमध्ये 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हटलं की लाल टोपीची, मिलिलिटरला ४० युनिटची मिळते किंवा केशरी टोपीची, मिलिलिटरला १०० युनिटची. परदेशी साइट्सवरचे सगळे तक्ते १०० युनिटच्या सिरिंजचे. पाच मिलिग्रॅमची व्हायल दोन मिलिलिटरमध्ये विरघळवली असेल, तर केशरी टोपीच्या सिरिंजवर १० युनिट म्हणजे ०.१ मिलि, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. लाल टोपीच्या सिरिंजवर तेच १० युनिट म्हणजे ०.२५ मिलि, ६२५ मायक्रोग्रॅम. सरळ अडीचपट. आयजीएफ-१ एलआर३ सारख्या, इन्सुलिनसारखं काम करणाऱ्या पदार्थात हीच चूक झाली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

टीबी-५०० च्या नावातच घोळ आहे. मूळचा टीबी-५०० म्हणजे सात अमिनो आम्लांचा छोटा तुकडा. विकताना मात्र त्याच नावाखाली ४३ अमिनो आम्लांचा अख्खा थायमोसिन बीटा-४ देतात. रेणूभार सुमारे ८८९ आणि ४९६३. म्हणजे समान मिलिग्रॅममध्ये रेणूंच्या संख्येत साडेपाच पटींचा फरक. आपल्या व्हायलमध्ये यातलं कोणतं होतं, हे लेबलवरून कळलंच नाही.

स्पर्धेला उतरणाऱ्यांसाठी: बीपीसी-१५७ वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत २०२२ पासून आहे, टीबी-५०० वरही बंदी आहे, आणि आपली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, नाडा, तीच यादी लावते. बीपीसीवरचं बहुतेक काम उंदरांवरचं, माणसांवरची माहिती फारच तुटपुंजी. तो नव्या रक्तवाहिन्या वाढवतो असं प्राण्यांमध्ये दिसलं आहे. घरात कर्करोगाचा इतिहास असेल तर एवढं कारण पुरेसं आहे थांबायला. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने सप्टेंबर २०२३ मध्ये कंपाउंडिंगसाठीच्या (फार्मसीत औषध बनवून देण्यासाठीच्या) पदार्थांमध्ये त्याला सुरक्षिततेची शंका असलेल्या गटात टाकलं, तेव्हा दिलेल्या कारणांमध्ये अशुद्धी आणि रोगप्रतिकारक प्रतिक्रिया ही दोन होती.

पुन्हा मागवणार नाही. ज्यांचं आधीच चालू आहे त्यांना एवढंच: इंजेक्शननंतर थंडी वाजून ताप आला, किंवा टोचलेली जागा दोन दिवसांनी लाल, गरम होऊन पसरत गेली, तर उरलेली व्हायल फेकू नका. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि डॉक्टरकडे सोबत न्या. काय टोचलं ते स्पष्ट सांगा. 'व्हिटॅमिनचं इंजेक्शन होतं' असं सांगितलं तर ते भलतंच शोधत बसतील.