चार टक्के कोट्याच्या नावाखाली माझे १,०३,४१० रुपये गेले

जातीचा दाखला, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि जीएसटी नंबर हे तिन्ही ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे वाचा. तुम्हाला फोन येईल, किंवा येऊन गेलाही असेल.

माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, कपाटं, रॅक. मी अडाणी नाही. रिटर्न वेळेवर भरतो, लिंकवर क्लिक करत नाही, ओटीपी आजवर कुणाला दिलेला नाही. लॉटरी लागली म्हणून नाचणाऱ्यांतला मी नव्हे. म्हणून 'लोक फसतातच कसे' असं विचारणाऱ्यांनी आधी माझ्याशी काय बोलणं झालं ते बघावं.

फोनवरच्या माणसाला माझा उद्यम क्रमांक माहीत होता. मी अनुसूचित जातीचा आहे हे माहीत होतं. गेल्या वर्षाची उलाढालही साधारण माहीत होती. ही माहिती बाहेर कुठून जाते ते सरकारनं सांगावं, मी थकलो विचारून. तो म्हणाला, "सर, केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणात २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. त्यातली चार टक्के एससी-एसटी उद्योजकांकडून, तीन टक्के महिलांकडून. कंपन्यांना उद्योजक मिळत नाहीत, कोटा रिकामा जातो."

यातली आकडेवारी खरी आहे. २०१२ चा आदेश आहे, आधी २० टक्के होते, ते पुढे २५ झाले. मी त्याच रात्री शोधून वाचलं आणि माझा विश्वास बसला. याला मूर्खपणा म्हणायचं असेल तर म्हणा. मी तपासलं, आणि जे तपासलं ते बरोबर निघालं.

मग बिलं सुरू झाली. उद्यम 'अपग्रेड' २,९५० रुपये. चार टक्के कोट्यातलं 'एम्पॅनलमेंट', म्हणजे यादीत नाव घालणं, २३,६००. डिजिटल सही आणि पोर्टल सेटअप ७,५००. पहिल्या दोन बिलांवर १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला, खाली जीएसटी नंबर. चोर कधी जीएसटी लावतो का? लावतो. तो नंबर परराज्यातल्या कुठल्याशा किराणा व्यापाऱ्याचा होता. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नाव दिसतं, फुकट. कुणाचंही बिल आलं की पैसे देण्याआधी हे करा.

आणि हे भिंतीवर लिहून ठेवा: उद्यम नोंदणी फुकट आहे. नवी असो, दुरुस्ती असो, फुकट. सरकारी साइटचं नाव गव्ह डॉट इन नं संपतं, बाकी जी 'उद्यम' नावाची पानं गुगलवर वर दिसतात ती दुकानं आहेत. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, विक्रेता म्हणून नोंदणीलाही फी नाही. 'चार टक्क्यांत नाव घालणं' असा प्रकारच नसतो. ते चार टक्के म्हणजे खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभरात गाठायचं उद्दिष्ट आहे, तुमच्या नावाची खुर्ची नव्हे.

महिन्याभरात वर्कऑर्डर आली. एका मोठ्या सरकारी कंपनीचं लेटरहेड, जावक क्रमांक, शिक्का, सही. स्टीलचे रॅक आणि कपाटं, एकूण १८,४०,००० रुपये. सोबत मागणी: तीन टक्के सुरक्षा ठेव, ५५,२०० रुपये.

इथे मी अडलो, हे नीट लक्षात घ्या. मी त्याला म्हणालो, "आम्हाला अनामत माफ आहे ना?" तो हसला. म्हणाला, "सर, माफ असते ती बोली लावतानाची, ईएमडी. ही परफॉर्मन्स सिक्युरिटी आहे, काम मिळाल्यानंतरची. ती लघुउद्योगालाही माफ नाही." मी पुन्हा वाचलं. पुन्हा तो बरोबर! ईएमडी माफ असते, परफॉर्मन्स सिक्युरिटी धोरणानं माफ केलेली नाही. नियम पाठ असलेला चोर कसा ओळखायचा?

पण वर्कशॉपमध्ये माझ्याकडे वेल्डिंगला एक पोरगा आहे. वर्कऑर्डरचा प्रिंट मी सगळ्यांना दाखवत होतो, तेव्हा त्यानं काच वर करून विचारलं, "दादा, पण आपण टेंडर भरलं कधी?"

बस. एवढंच होतं सगळं. दहा लाखांच्या वरची सरकारी खरेदी सहसा बोलीशिवाय होत नाही, आणि आम्ही कुठेही दर टाकला नव्हता. १८,४०,००० हा आकडा आला कुठून? कपाटाचा पत्रा किती गेजचा, हेसुद्धा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आणि मी त्या पोराला म्हणालो, "रिझर्व्ह आयटम आहे, तुला नाही कळायचं." कारण मला तसं सांगण्यात आलं होतं: ३५८ वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव, त्यात स्टीलची कपाटंही, म्हणून थेट ऑर्डर. ३५८ ची यादी खरी आहे. पण राखीव म्हणजे बोली फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांनी लावायची, बोलीच नाही असं नव्हे. जिथे वस्तू राखीव नसते तिथेही आपला दर सर्वात कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि तो कमी दर मान्य केला तरच वाटा मिळतो. दर टाकल्याशिवाय आपल्याला काही नाही. त्या पोराला पुन्हा तोंड कसं दाखवायचं हे मी बरेच दिवस ठरवत होतो.

दुसरी गोष्ट तर स्क्रीनवर होती. पैसे पाठवताना समोर एका माणसाचं नाव आलं, कंपनीचं नाही. विचारलं तर "नोडल अधिकाऱ्याचं खातं आहे सर, फाइल लवकर हलते." सुरक्षा ठेव बँक गॅरंटीनं, एफडीनं किंवा डीडीनं जाते, खरेदीदाराच्या नावानं. कुणा माणसाच्या बचत खात्यात कधीच नाही. नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा, समोरचा काहीही सांगो.

शेवटी 'इन्स्पेक्शन फी' १४,१६० घेतली आणि फोन बंद. एकूण १,०३,४१०. त्याशिवाय ऑर्डर आली म्हणून उधारीवर उचललेला २,१२,००० चा पत्रा आणि अँगल, तो वेगळाच. व्यापारी उधारी सोडत नाही, त्याचं काय चुकलं?

आता साहेब लोकांबद्दल. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लागला, तक्रार नोंदली, त्यातून एका खात्यात ९,२६० रुपये गोठले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा मला सांगितलं. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" दुसरा, "बिल आहे म्हणजे हा व्यवहाराचा वाद, दिवाणी कोर्टात जा." खोटा शिक्का, खोटं लेटरहेड, खोटा जीएसटी नंबर, आणि म्हणे व्यवहार! मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हणालो तर वकील आहात का, असं विचारलं. मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच होईल. कुणासाठी लहान? बँक म्हणते एफआयआर आणा, ठाणं म्हणतं आधी बँकेचं पत्र आणा. दोघांच्या मध्ये मी झेरॉक्स काढत फिरतोय.

ज्या कंपनीच्या नावाची वर्कऑर्डर होती तिथे गेलो. बघताक्षणी म्हणाले, हे आमचं नाही. म्हटलं, एवढंच लेखी द्या. नाही दिलं. "आम्ही यात पार्टी नाही." तुमचं नाव, तुमचा शिक्का, आणि तुम्ही यात नाही? उद्योग खात्याच्या कार्यालयात एक गृहस्थ पान खात म्हणाले, "आमच्या योजनेत पैसे घेतच नाहीत, त्यामुळे तक्रार आमच्याकडे येत नाही." आणि वर, "कोट्यातून काम पाहिजे होतं ना?" हे वाक्य मी विसरणार नाही. कोट्यातलं काम मागणं गुन्हा नाही. कायद्यानं दिलेलं आहे, बोली लावून, दर उतरवून घ्यायचं. माझ्याकडून ते चोरानं पैशासाठी हिसकावलं. यांनी कशासाठी?

तुमच्यावर ही वेळ आली तर ठाण्यात तोंडी बोलू नका. अर्ज लेखी द्या, पोचशिक्का घ्या. हद्द आमची नाही म्हणाले तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो, अडून बसा. १९३० ला पहिल्या तासात फोन करा. मी लाजेखातर दोन दिवस घरात कुणाला बोललो नाही, तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून गेले. सल्लागार हवाच असेल तर पैसे काम झाल्यावर द्या. जेमवरची खरी वर्कऑर्डर तिथे तुमच्या लॉगिनमध्ये दिसते, व्हॉट्सअपच्या पीडीएफमध्ये नाही.

परवा आणखी एक फोन आला. "सर, तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फाइल चार्ज फक्त ४,९९९." त्यानं माझा तक्रार क्रमांक वाचून दाखवला. तो क्रमांक मी ठाण्यात आणि बँकेत सोडून कुठेच दिलेला नव्हता.