फोर्ते दी फुएन्तेस, कोलिको: मिलानला राहत असाल तर जाच

मिलानमधले आपले लोक लेक कोमो म्हटलं की बेलाजिओला फोटो काढून परत येतात, त्यांनी एकदा सोंद्रियोच्या बाजूची ट्रेन पकडून कोलिकोला उतरावं आणि हा किल्ला बघावा.

टेकडी छोटीच आहे. १७९६ मध्ये फ्रेंचांनी किल्ला पाडला त्यामुळे गव्हर्नरच्या वाड्याच्या आता नुसत्या भिंती उरल्यात, पण वर उभं राहिलं की तो इथेच का बांधला ते लगेच कळतं, एकीकडे वाल्तेल्लिनाची दरी, दुसरीकडे कियावेन्नाची दरी, खाली आद्दा नदी तळ्याला मिळते, म्हणजे आल्प्समधून कोण येतंय जातंय सगळं नजरेत.

फक्त स्पॅनिश रोडबद्दल, म्हणजे स्पेनच्या फौजा इटलीतून नेदरलँड्सला ज्या वाटेने जायच्या तिच्याबद्दल, थोडं वाचून जा, नाहीतर नुसते दगड दिसतील. तेव्हा मिलान आणि नेदरलँड्स दोन्ही स्पेनच्या ताब्यात होते, नेदरलँड्सचं बंड मोडायला स्पेनला सैन्य पाठवायचं होतं आणि समुद्राचा भरवसा नव्हता, म्हणून १५६७ ला स्पेनचा सेनापती ड्यूक ऑफ आल्बा साधारण १०,००० सैनिक घेऊन लोम्बार्डीतून साव्हॉय, फ्रांश-कोंते, लॉरेन, लक्झेंबर्ग करत ब्रसेल्सला पोचला. मला यात सगळ्यात भारी वाटते ती रसद. आधी माणसं पाठवून मुक्कामाची गावं ठरवायची, तिथे भाव ठरवून पाव, मांस, वाईन तयार ठेवायची, कुठल्या शिपायाने कुणाच्या घरी झोपायचं त्याची चिठ्ठी द्यायची आणि घरमालकाने नंतर तीच चिठ्ठी दाखवून पैसे मागायचे किंवा करातून वळते करून घ्यायचे. सोळाव्या शतकात हे सगळं कागदावर चालायचं!

पुढे १६०१ च्या तहात साव्हॉयचा बराच मुलूख फ्रान्सकडे गेला आणि ती वाट अगदी चिंचोळी झाली, मग आल्प्स ओलांडायची दुसरी वाट म्हणून वाल्तेल्लिनाला महत्त्व आलं. ती दरी तेव्हा ग्रिझन्सवाल्यांची (ग्रिझन्स म्हणजे आजच्या स्वित्झर्लंडचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग), त्यांनी १६०३ ला व्हेनिसशी हातमिळवणी केली तशी मिलानचा स्पॅनिश गव्हर्नर काउंट फुएन्तेसने त्याच वर्षी त्यांच्या तोंडावर हा किल्ला उभा केला. १६३४ ला स्पेनच्या राजाचा भाऊ फर्नांदो याच दरीतून फौज घेऊन वर जर्मनीत गेला. खालच्या मैदानाचं नाव आजही पियान दी स्पान्या आहे, तेव्हा तिथे सगळी दलदल होती आणि किल्ल्यावरचे शिपाई मलेरियाने हैराण असायचे.

माझ्याकडून ५ पैकी ४.५. गाइड घ्याच, आणि उघडण्याच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात तेव्हा आधी बघून निघा. पहिल्या महायुद्धाच्या तोफा असलेला फोर्ते मोंतेक्कियो नोर्द जवळच आहे, दोन्ही एका दिवसात आरामात होतात.