मीरकॅटसोबत चालायचं की चित्त्याच्या गळ्यात कॉलर घालायची?

रानातल्या जनावरांचा अभ्यास करायचे हे दोन मार्ग, एकतर त्यांना माणसांची सवय लावून जवळून बघायचं, नाहीतर गळ्यात माहिती नोंदवणारी कॉलर घालायची. दक्षिण आफ्रिकेत कुरुमान नदीच्या राखीव क्षेत्रात 1993 पासून मीरकॅटवर (मुंगसाच्या कुळातला, कळपाने राहणारा छोटा प्राणी) काम चालू आहे, प्राणिशास्त्रज्ञ टिम क्लटन-ब्रॉक यांनी सुरू केलेलं, आणि तिथली मीरकॅट माणसांना इतकी सरावलीयेत की उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्यासाठी आपणहून वजनकाट्यावर चढतात. एवढ्या जवळून बघितलं म्हणूनच तर कळलं की मोठी मीरकॅट पिल्लांना शिकवतात, म्हणजे आधी मेलेला विंचू द्यायचा, मग नांगी काढलेला जिवंत आणि शेवटी नांगीसकट! पिल्लू किती मोठं झालंय ते त्याच्या आवाजावरून ओळखतात.

आता चित्त्यामागे कोण पायी धावणार? तिथे कॉलरच हवी. बोत्स्वानात जीपीएस आणि हालचाल मोजणाऱ्या सेन्सरची कॉलर लावली, 2013 ला निष्कर्ष आले, सर्वाधिक वेग ताशी 93 किमी. पण बहुतेक वेळा शिकार त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगात, खरी ताकद झटक्यात वेग घेण्यात आणि वळण्यात. हे नुसत्या डोळ्यांनी कधीच मोजता आलं नसतं.

पण कॉलर लावायची तर जनावर बेशुद्ध करावं लागतं, शिवाय 2023 च्या पावसाळ्यात आपल्या कुनोत आफ्रिकेतून आणलेल्या चित्त्यांच्या कॉलरखाली जखमा सापडल्याच की. सरावायला वेळ खूप जातो हे मान्य, पण एकमेकांशी कसं वागतात हे बघायचं असेल तर मला मीरकॅटवाली पद्धतच पटते, आणि लांब पल्ल्याच्या जनावरांना कॉलर, तीही नीट लक्ष ठेवून.