डाळिंब: मृग बहार की आंबे बहार?

आपल्या उबदार हवेत डाळिंबाला वर्षभर थोडीथोडी फुलं येत राहतात. ती एकदम यावीत म्हणून पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, मग पानगळ, छाटणी, खत आणि पाणी. यालाच बहार धरणं म्हणतात. प्रश्न एवढाच की हे करायचं कधी?

मृग बहार जून-जुलैत धरतात. पाणी पावसाचं, खर्च कमी. सांगोल्यासारख्या कोरड्या भागात हा मोठाच आधार. पण फळं वाढतात ती नेमकी दमट हवेत, आणि तेलकट डागाला तेच हवं असतं. हा रोग जिवाणूजन्य असून पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो. एकदा बागेत शिरला की फवारणी करून करून माणूस थकतो. फळ तडकलं की व्यापारी बघतही नाही.

आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत. हवा कोरडी, त्यामुळे रोग कमी. मात्र एप्रिल-मेमध्ये ठिबक बंद पडून चालत नाही. विहीर आटली तर टँकर, आणि टँकरचं बिल काय असतं ते भरणाऱ्यालाच ठाऊक! ‘भगवा’ वाणाला फुलापासून साधारण सहा महिने लागतात, म्हणजे शेवटची फळं पावसात सापडतातच.

शेततळं भरलेलं असेल तर मी डोळे झाकून आंबे बहार धरीन. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या हस्त बहाराचं गणित वेगळं, ते पुन्हा कधीतरी.